तिसरा गिअर

जुन्या जीपचा काटा सत्तरच्या पुढे गेला, तरी मुलाने तिसरा गिअर सोडला नाही. इंजिन बोंबलत होतं, पत्रा थडथडत होता, आणि शेजारी बसलेल्या वडिलांचं बोलणं त्यात बुडून जात होतं. त्याला तेच हवं होतं. घरातून निघाल्यापासून ते एकच विचारत होते, "तुझी आई का नाही आली रे?" आई जाऊन वर्ष झालं होतं. खरं सांगितलं की ते दर वेळी नव्याने रडत आणि थोड्या वेळाने विसरून पुन्हा विचारत. आज उत्तर द्यायची त्याच्यात ताकद उरली नव्हती.

"चौथा टाक, गाढवा," ही जीप जन्मभर चालवलेले वडील ओरडले. "इंजिनाचा जीव घेशील."

त्याने ऐकू न आल्यासारखं केलं.

रेल्वे फाटकाशी थांबावं लागलं. इंजिन बंद होताच सगळं शांत झालं. आता प्रश्न येणार, म्हणून तो डोळे मिटून बसला. प्रश्न आला नाही; वडील त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होते.

फाटक उघडलं आणि जीप निघून पुन्हा तिसऱ्यात आली. वडिलांनी गिअरच्या दांड्यावरच्या त्याच्या हातावर हात ठेवला.

"तिसऱ्यातच राहू दे," ते म्हणाले. "आवाजात मला विचारायचं सुचत नाही. तेवढाच तुला विसावा."