चार वाजताचा कागद

“पाळीने उद्याची बंगळुरूची फेरी तुझ्याच गळ्यात पडणार,” नासर म्हणाला. “ऐक माझं, विलासिनीचेचीच्या कानावर घाल. तू गावातली फेरी घे, मी जातो बंगळुरूला. माझ्यावाचून घरात कुणाचं अडत नाही. बायको उलट पायसमची खीर करेल.”

पुष्पांगदन हसला नाही. केरळातल्या पुळक्करा बस डेपोतला तो सर्वांत जुना ड्रायव्हर. उद्या रात्रीच्या विमानाने त्याची मुलगी निम्या नर्सच्या नोकरीवर आयर्लंडला निघायची होती. पुन्हा कधी भेट होईल, हे तिलाही ठाऊक नव्हतं. त्याची रजा तिच्या कागदपत्रांसाठी खेपा घालण्यातच संपली होती.

“यंत्र सगळ्यांना सारखं,” तो म्हणाला. “आजवर कुणी शब्द टाकला नाही, तो मी टाकू? आज मी, उद्या दहा जण. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.”

ड्यूटी लावणारी कारकून विलासिनी, सगळ्या डेपोची चेची म्हणजे ताई, कँटीनच्या खिडकीशी चहा पीत होती. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पलीकडे एक अनोळखी गृहस्थ वर्तमानपत्राआड केळ्याची भजी खात होते.

ते पहिले पाढे डेपोत कुणीच विसरलं नव्हतं. ड्यूटीचा कागद हाताने लिहिला जाई तेव्हा ज्याचा वशिला त्याला गावातली फेरी आणि बिनवशिल्याच्या कपाळी घाट. दर आठवड्याला कुणाचा तरी शर्ट फाटायचा. मग विलासिनीने एक पुस्तक आणलं, ते वाचून काढलं आणि ऑफिसातल्या जुन्या संगणकात बॅच फाइल, म्हणजे त्याने आपोआप ओळीने पाळायच्या हुकमांची यादी, लिहिली. तेव्हापासून रोज चारच्या ठोक्याला प्रिंटर आपणहून जागा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या ड्यूट्या छापायचा. त्या वेळी विलासिनी सर्वांसमोर हाताची घडी घालून बसायची.

“कालच्या कागदावरून यंत्रच पाळी पुढे सरकवतं,” ती म्हणायची.

आणि काय यंत्र होतं ते! कुणाच्या घरी बाळंतपण असलं की त्याला नेमकी जवळची फेरी. कुणाचं बायकोशी वाजलेलं असलं की त्याला लांबची. कंडक्टर म्हणत, यंत्राला काळीज आहे. नासर म्हणे, काळीज नाही, यंत्राला मेव्हणा नाही. काही असो, माणसांना इतकी वर्षं जमलं नव्हतं ते त्या खोक्याने करून दाखवलं. डेपोतली भांडणं मिटली.

चहा संपवून विलासिनी लगबगीने ऑफिसात आली, तर तिच्या खुर्चीत मघाचेच गृहस्थ बसलेले. मिशीत भज्याचा कण.

“मी कुरियाकोस. मुख्य कार्यालयातून तपासणीला आलोय. तुमच्याविरुद्ध अर्ज आहे. यंत्राच्या आडून बाई स्वतःची मर्जी चालवते म्हणे.”

“सगळं यंत्रच करतं, साहेब. बघा की.”

“तेच बघतोय. ही बॅच फाइल तुम्हीच लिहिलीत?”

“हो.”

“फारच छोटी आहे.”

“छोटीच पुरते, साहेब.”

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग बराच वेळ तिच्याकडे. “आज चार वाजेपर्यंत तुम्ही या कीबोर्डला शिवायचं नाही. तिकडे बाकावर बसा. अर्ज खरा निघाला तर यंत्रही जाईल आणि तुम्हीही.”

विलासिनीचा चेहरा उतरला. “पाच मिनिटं द्या, साहेब. एक काम राहिलंय.”

“एक मिनिटही नाही.”

ती बाकावर जाऊन बसली. साहेबांनी अहवाल टंकायला घेतला, तोही दोन बोटांनी, अक्षर शोधत शोधत. मग वर्तमानपत्र उघडलं. जेवायलाही ते उठले नाहीत. केळीच्या पानात बांधलेला भात तिथेच मागवून खाल्ला. विलासिनीने पाण्याचा घोटही घेतला नाही.

चारच्या सुमाराला दारात गर्दी झाली. बातमी फुटलीच होती. सगळ्यांत मागे पुष्पांगदन उभा होता, नजर जमिनीवर.

प्रिंटर कण्हला आणि कागद बाहेर आला. साहेबांनी तो स्वतः उचलून वाचला.

“बंगळुरू, नासर.”

“मेलो!” नासर ओरडला, आणि त्याचे सगळे दात दिसले.

“गावातली फेरी, पुष्पांगदन.”

दारातल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. पुष्पांगदन गर्दीतून पुढे आला. त्याचे डोळे भरले होते आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. “तुमच्या यंत्राचं भलं होवो, चेची,” तो म्हणाला. “पोरीला निरोप देता येईल.”

विलासिनीने उठून कागद हातात घेतला आणि दोन्ही नावं पुन्हा वाचली. 

“अर्ज खोटा आहे,” साहेब सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. “सकाळपासून मी या खुर्चीतून हललो नाही. बाई तिकडे बाकावर होत्या. यंत्र आपोआप चालतं, तसं मी लिहून देणार.” चष्मा खिशात घालून ते दाराकडे वळले आणि जाता जाता थांबले. “तुमच्या कँटीनमधला चहा चांगला असतो, बाई. तिथे बसायचं सोडू नका.”

सगळे पांगल्यावर विलासिनी आपल्या खुर्चीत बसली आणि तिने बॅच फाइल उघडली. तिने लिहिलेल्या दोनच ओळी तिथे होत्या: उद्याचं पान उघड, छाप. पाळी सरकवण्याबद्दल त्यात कधीच काही नव्हतं. पान ती आदल्या संध्याकाळी स्वतः टंकायची आणि सकाळी कँटीनमधला चहा झाला की दुरुस्त करायची. काल संध्याकाळी तिने बंगळुरूपुढे पुष्पांगदनचं नाव टंकलं होतं, आणि आज सकाळपासून त्या कीबोर्डला कुरियाकोससाहेबांखेरीज कुणाचा हात लागला नव्हता.