कामठ्याची विहीर

कामठ्याची विहीर सगळ्यांना खुली व्हावी म्हणून फुलवंताबाई केस काळे होते तेव्हापासून भांडत आल्या. त्यापायी तुरुंगही भोगला. शेवटी सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात मालगुजार नमला. गावकुसाबाहेरच्या भागरताबाईनं पहिली बादली ओढली, पहिला तांब्या फुलवंताबाईंपुढे धरला, आणि त्या अख्ख्या गावादेखत प्यायल्या.

उन्हातून घरी आल्या, तर सून दारातच आडवी उभी.

"आत नका येऊ, आत्याबाई. गावभर लोक बोलून राहिले. पोरीचं जमलेलं लगन मोडन."

फुलवंताबाई अंगणातच खाली बसल्या. "बरं. पाणी तरी दे."

सून पाणी घेऊन आली, पण पायरी उतरली नाही. वरूनच तांब्या कलता करत म्हणाली, "ओंजळ धरा."