दारातला खिळा

किल्लारीच्या भूकंपात पडलेल्या घराचं सागवानी दार तेवढं रामलिंग सरांकडे उरलं होतं. नात ऋतुजाला स्वतःच्या हातानं त्याची इलेक्ट्रिक गिटार करायची होती. दार आपल्या कारखान्यात उतरवून घेत मुरुडचे करीम मिस्त्री म्हणाले, "पहिली गिटार बिघडतेच, सर. ती आंब्याच्या फळीवर बिघडू द्या. दार महिनाभर हितंच ठिवा."

सरांच्या मनात पाल चुकचुकली. असलं सागवान आता मिळतं कुठं? महिन्यानं दुसरंच दार पुढं केलं, तर ओळखायचं कसं? मिस्त्री चहा सांगायला बाहेर गेले तेवढ्यात सरांनी दाराच्या कडेत एक बारीक खिळा डोक्यापर्यंत ठोकला.

महिन्यानं ऋतुजाची आंब्याची गिटार बेसूर का होईना, वाजली. दार बाहेर निघालं. सरांनी कडेवरून हळूच बोट फिरवलं. खिळा जागेवर होता. त्यांचा जीव भांड्यात पडला. ऋतुजानं मशीनचा रंधा चालू केला.

"थांब!" मिस्त्रींनी झटकन बटण बंद केलं. "जुन्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरवायचं, बेटा. पातं खिळ्याला लागलं, तर तुकडा सरळ डोळ्यात येतो."

लोहचुंबक कडेला टक्कन चिकटलं. मिस्त्रींनी पकडीनं खिळा ओढून काढला. चकचकीत होता.

"चाचा, जुन्या दारात नवा खिळा कसा?"

सर खाली बघू लागले. मिस्त्रींनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि खिळा खिशात टाकला.

"मीच ठोकला व्हता," ते म्हणाले. "सरांचं दार बदलून जाऊ न्हाई म्हणून."