मोठं कार्ड की पळवलेलं?

"छोटी मोटर जास्त पळवली की तापते, हे मला कळतं," काउंटरवर वाकून तो म्हणाला. "मग लॅपटॉपमध्ये हे छोटं ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करून, म्हणजे जास्त पळवून दिलेलं घ्यायचं, की सरळ वरच्या दर्जाचं मोठं कार्ड?"

विक्रेतीनं दोन्ही गेमिंग लॅपटॉप त्याच्याकडे वळवले. दोन्ही काळे, दोन्हींच्या कीबोर्डाखाली रंगीत दिवे.

"मागच्या शनिवारी सांगितलं होतं," ती म्हणाली.

सांगितलं होतं खरं. पण घरी पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात सगळा गुंता व्हायचा. गेमची चित्रं उमटवणाऱ्या या कार्डाच्या नावातला आकडा मोठा म्हणजे कार्ड मोठं, इथवर ठीक होतं. मग तिनंच सांगितलं की मोठं कार्ड बारीक लॅपटॉपमध्ये कोंबलं तर त्याला पुरेशी वीज मिळत नाही, आणि ते छोट्याच्याही मागे पडू शकतं. आता बोला! मोटरी दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या माणसाला एवढ्याशा कार्डानं पार भंडावून सोडलं होतं.

आजही ती जेवून येईपर्यंत तो उभाच राहिला होता. शेजारच्या काउंटरवरच्या विक्रेत्यानं, काका, मी दाखवू का, असं दोनदा विचारलं. तो नको म्हणाला. यांना माझं सगळं प्रकरण ठाऊक आहे, म्हणाला.

लॅपटॉप मुलीसाठी हवा होता. तिनं सुटे भाग जमवून स्वतःच्या हातानं एक कॉम्प्युटर जोडला होता. सारखी त्यावर खेळत बसते म्हणून एक दिवस याचं डोकं फिरलं आणि यानं तो भंगारवाल्याला देऊन टाकला. मुलगी बॅग भरून निघून गेली. तेव्हापासून तिनं त्याला बाबा म्हणून हाक मारली नव्हती. आता पुन्हा चुकीचंच काही घेतलं तर उरलंसुरलंही संपायचं, या भीतीनं त्याचा हात खिशाकडे जात नव्हता. हे सगळं त्यानं पहिल्याच दिवशी शेजारच्या विक्रेत्याला सांगून टाकलं होतं. ही तेव्हा नुसती स्क्रीन पुसत राहिली होती.

बायकोचा फोन आला. काही ठरलं का, तिनं विचारलं. दर शनिवारी नुसते जाऊन येता, तोंड उघडाल तर ना! विचारतोय, विचारतोय, असं म्हणत त्यानं फोन खिशात टाकला.

"पळवलेलं कार्ड टिकतं का पण?"

"हवा खेळती राहिली तर टिकतं," ती म्हणाली. "कोंडलं की तापतं. मग स्वतःला वाचवायला मंदावतं. कधी बंदही पडतं."

त्यानं दोन्ही लॅपटॉपांच्या मागच्या जाळीवरून बोट फिरवलं.

"मला यातलं काही कळत नाही," तो शेवटी म्हणाला. "तेव्हाही कळत नव्हतं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आता विचारतो. तुम्ही स्वतःसाठी कुठलं घेतलं असतं?"

तिनं स्क्रीन पुसायचा कपडा खाली ठेवला.

"मोठं कार्ड," ती म्हणाली. "जाड लॅपटॉपमधलं. उचलायला जड आहे, पण आत हवा खेळते."

"मग तेच द्या."

त्यानं पैसे भरले. तिनं चार्जर आत आहे ना हे दोनदा पाहिलं आणि खोका चिकटपट्टीनं बंद केला. तो काही खोका उचलेना.

"आवडेल ना तिला?" त्यानं विचारलं.

शेजारचा विक्रेता हसला. काका, आता ते मुलीलाच विचारा, म्हणाला.

ती चिकटपट्टीवरून अंगठा फिरवत राहिली. पट्टी केव्हाच नीट बसली होती. मग तिनं खोका उचलून त्याच्या हातात दिला.

"घरी न्या, बाबा," ती म्हणाली. "आईला सांगा, आज जेवायला येतेय."