वाघाचं धुणं

"सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण गेल्या खेपेला या दरीत मी वाघाला धुणं धुताना पाहिलंय!" आंबोलीच्या पॉइंटवर हाताला लागलेला कठडा धरून गुंडूआबांनी नातीला सांगितलं.

धुकं इतकं दाट, की चार पावलांवरचं दिसेना. तीन दिवस हेच. सहल आबांच्या हट्टाची, आणि मुलानं सकाळीच बजावलं होतं, "आबा, आज पोरगी पुन्हा रडली, तर सरळ गडहिंग्लजला परत!"

पाच वर्षांच्या रेवूचा ओठ थरथरला, तशी आबांनी वाघीणही मैदानात उतरवली. "ती बघ, काठावर बसून नवऱ्याला झापतेय. 'अहो, किती घासताय? माझं लुगडं फाटेल!' आणि वाघ बिचारा शेपटी पिळत..."

तेवढ्यात वारा सुटला आणि धुकं फाटलं. समोरच्याच दारातून एक गृहस्थ टमरेल काखेत मारून, पायजम्याची नाडी बांधत बाहेर पडले.

रेवू पोट धरून हसायला लागली, तीन दिवसांत पहिल्यांदाच. "बाबा, आबा थापा मारतायत! दरी आपल्या पाठीमागं आहे, समोर तर संडास आहे!"