सांगाल ती जागा

"उघड, लव्हेल. तू जागा आहेस, मला ठाऊक आहे."

एल्मर स्टॅनिकने तिसऱ्यांदा दार ठोठावलं. एरवी तो दोनदाच ठोठावायचा. गेली सव्वीस वर्षं, ऑगस्ट संपता संपता, अमेरिकन फुटबॉल संघाच्या सराव शिबिराच्या शेवटच्या सकाळी तो या कॉलेजच्या वसतिगृहातली दारं ठोठावत आला होता. संघात जागा पंचेचाळीस. बाकीच्यांनी घरी जायचं. एल्मर यादी घेऊन निघायचा आणि प्रत्येक दारात एकच वाक्य बोलायचा, "कोच बोलावतायत, डावांची वही घेऊन ये." वही परत मागितली की माणूस काय ते समजायचा. पोरं एल्मरला जल्लाद म्हणत, आणि एखादा बिलंदर तोंडावरसुद्धा.

आजची आठ नावं नाष्ट्याआधीच उरकली होती. एकजण रडला. एकजण खिडकीतून उडी मारून मागच्या मक्यात जाऊन बसला, त्याला शोधण्यात एल्मरचे बूट चिखलाने भरले. शेवटचं नाव होतं लव्हेल ब्रूसार्ड.

"जा तुम्ही, मिस्टर एल्मर," आतून आवाज आला. "कोचना सांगा, लव्हेल येत नाही."

"असं कुठं असतं का?"

"आजपासून असतं. मला या खोलीतून बाहेर काढायला किती माणसं लागतील, मोजा."

"मोजली. माझ्यासारखी बारा."

आतून हसू ऐकू आलं, पण कडी निघाली नाही.

एल्मर भिंतीला पाठ लावून उभा राहिला. बारा हंगामांपूर्वी लव्हेल लुइझियानाहून आला, तेव्हा त्याच्या पिशवीत कपड्यांपेक्षा तिखट सॉसच्या बाटल्या जास्त होत्या. इथल्या, विस्कॉन्सिनच्या जेवणाला चवच नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. त्याला घेतलं लाइनबॅकर म्हणून. पहिल्या फळीच्या मागे उभं राहायचं, समोरच्याचा डाव ओळखायचा आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला आडवं करायचं. पहिल्या वर्षी तो मधे होता. दुसऱ्या वर्षी उजव्या कडेला, मग डाव्या. एका हिवाळ्यात पुढच्या फळीतले तीन गडी जायबंदी झाले, तर याने तीस पौंड वजन वाढवलं आणि त्यांच्या जागी उभा राहिला. पुढच्या वर्षी तेच तीस पौंड उतरवले. अंगठा मोडलेला असताना चिकटपट्टी गुंडाळून खेळला. त्याच्या नावाची अशी एक जागा मात्र कधी झाली नाही.

"तुझ्याइतक्या जागा या संघात कुणी खेळला नाही," एल्मर दाराला म्हणाला.

"तेच तर म्हणतोय. मधे म्हणाले, मधे. कडेला म्हणाले, कडेला. कधी नाही म्हटलं मी?"

"कधीच नाही."

"मग आज म्हणतो. ही जागा मी घेणार नाही."

हा खेळ सुटल्यावरच्या, घरच्या पडवीतल्या खुर्चीबद्दल बोलतोय, हे एल्मरच्या लगेच ध्यानात आलं. "सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं, पोरा. मग अंगवळणी पडतं."

"तुमच्या पडलं?"

"काय?"

"दारं ठोठावणं."

या प्रश्नाची एल्मरला सवय नव्हती. "कुणीतरी करायचंच ना? मी एवढंच बघतो, की माणसाला ही बातमी पेपरात वाचावी लागू नये. समोर उभं राहून, डोळ्यांत बघून सांगतो. आणि कॉफी विचारली तर घेत नाही."

आत पलंग करकरला.

"हे बघ," एल्मर आवाज खाली आणून म्हणाला, "मी कधी रिकाम्या हाताने परत गेलो नाही. आज गेलो, तर कोच हॅलोरनला मला काढायला निमित्तच मिळेल. मागच्या आठवड्यात मला म्हणाला, जिना चढताना फार धापा टाकतोस. माझ्यासाठी तरी चल."

आत पावलं वाजली. मग कडी निघाली.

लव्हेलने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, गळ्यात टाय. डोळे लाल होते, रात्रभर न झोपल्यासारखे.

"वही?" एल्मरने विचारलं.

"काल रात्रीच त्यांच्या टेबलावर टाकून आलो."

"मग अर्धं काम झालं म्हणायचं."

"चला. पण आत गेल्यावर बोलणार मी. तुम्ही अवाक्षर काढायचं नाही."

"बोल की. बारा वर्षं गप्पच होतास."

लव्हेल लांब ढांगा टाकणारा माणूस, पण आज तो एल्मरच्या पावलाने चालला. जेवणघराच्या उघड्या दाराशी आल्यावर आतले सगळे खेळाडू आपापल्या ताटातल्या अंड्यांमध्ये बघू लागले. अशा सकाळी जाणाऱ्याकडे कुणी बघायचं नाही, अशीच रीत होती. लव्हेल तिथेच थांबला.

"माना वर करा रे! प्रेतयात्रा नाही चालली!"

दोघा-तिघांनी मान वर केली. कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "दाखव त्यांना, लव्हेल!"

"तेच करायला चाललोय."

एल्मरला बरं वाटलं. सव्वीस वर्षांत इतक्या ताठ मानेने त्याच्यासोबत कुणी चाललं नव्हतं. कोचच्या खोलीचं दार त्याने दोनदा ठोठावलं, उघडलं आणि लव्हेलला वाट द्यायला बाजूला सरकला.

कोच हॅलोरनने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग लव्हेलकडे.

"दारं ठोठावण्याच्या नोकरीचा पहिलाच दिवस, लव्हेल, आणि एका एल्मरला इथं आणायला पाऊण तास?"

लव्हेल एल्मरच्या पुढे येऊन उभा राहिला.

"मी नाही आणलं त्यांना," तो म्हणाला. "त्यांनी मला आणलंय."