फुगीर बाजू खाली

लेकीच्या गालावर चार बोटं अजून लाल होती. तिनं तंबोऱ्याच्या भोपळ्यावर खडूनं चांदोबा काढला, एवढंच निमित्त. "पुन्हा हात लावलास तर बोटं छाटीन," असं ओरडून बाप करवतीच्या मशीनकडे वळला होता.

पाडलेल्या घरांची पीळ पडलेली लाकडं तो ओल्या पोत्यात गुंडाळून, महिना महिना वजनाखाली दाबून सरळ करायचा आणि त्यांचे तंबोरे घडवायचा. गाव त्याच्या संयमाचं कौतुक करायचं. तो सगळा संयम लाकडावरच संपतो, हे त्याच्या बायकोला ठाऊक होतं.

आज रागाच्या भरात त्यानं फळी उलटी ठेवली, फुगीर बाजू खाली. फळी डुगडुगत होती, ते दारात उभ्या बायकोनं पाहिलं. अशी फळी करवतीचं पातं पकडतं आणि कापणाऱ्याच्याच अंगावर भिरकावतं, हे लग्नानंतर त्यानंच तिला शिकवलं होतं. "अहो, थांबा!" अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात लेकीनं बोटं मुठीत लपवलेली तिला दिसली. तिनं पोरीला उचललं, खांबामागे नेलं आणि तिचे कान झाकले.

मशीन किंचाळलं. फळी हातावर आदळून तो भिंतीपर्यंत फेकला गेला. कोपराखाली हाड बाहेर आलं होतं, भुशात रक्त मुरत होतं.

"तुला दिसलं होतं ना?" तो कण्हला. "बोलली का नाहीस मग?"

"दिसलं होतं," ती म्हणाली. ॲम्ब्युलन्सला फोन करून ती ओढणीनं त्याचा दंड आवळायला वाकली, तेव्हा त्यानं पहिल्यांदाच तिच्यापासून अंग चोरलं.